चौसष्ट चौकोनांचा श्रावण

रसायनीच्या त्या रंगाच्या कारखान्यात १९८८ साली कंप्युटर आला आणि माणसांपेक्षा त्याचेच लाड जास्त होऊ लागले. माणसं भट्टीपाशी घामाने निथळत होती. कंप्युटरला मात्र थंड हवेची खोली मिळाली, खाली गालिचा मिळाला आणि दाराबाहेर ‘चपला येथे काढाव्यात’ अशी पाटी लागली. पहिल्याच दिवशी कुणीतरी भक्तिभावाने त्याच्यावर जास्वंदीचं फूल ठेवलं. त्याच्या पाकळ्या मागच्या जाळीतून आत गेल्या आणि देव अर्धा दिवस बंद पडला.

त्या खोलीत चपला काढून बसायचा मान हिरूला मिळाला. हिरू, म्हणजे भिसेगावचा हिरामण, टाइम ऑफिसात तीन वर्षं टेंपरवारी कारकून होता. पण शिळफाट्याला टायरच्या दुकानावरच्या माळ्यावर एक कंप्युटर क्लास चालायचा आणि तिथलं चार महिन्यांचं सर्टिफिकेट कारखान्यात त्याच्या एकट्याकडेच होतं. ते त्याने काच लावून घरी गणपतीशेजारी टांगलं होतं.

मॅनेजर देवस्थळी साहेबांनी त्याला पहिलं काम दिलं ते कँटीनचं. कारखान्यात माणसं चौसष्ट. बुधवारी आणि शुक्रवारी कँटीनला मच्छी असायची. कोणाला मच्छी, कोणाला भाजी, हे सकाळीच स्वयंपाकघराला कळायला हवं. साहेब म्हणाले, पडद्यावर चौसष्ट चौकोन काढ. एक चौकोन म्हणजे एक माणूस. चौकोन भरलेला असेल तर मच्छी, रिकामा असेल तर भाजी.

हिरूने चौसष्ट चौकोन काढले. पण कसे? एका चौकोनाला प्रोग्रॅमच्या सहा ओळी लागतात म्हणून त्याने पहिल्याच्या सहा लिहिल्या, मग दुसऱ्याच्या सहा, मग तिसऱ्याच्या सहा. असं करत तीनशे चौऱ्याऐंशी ओळी झाल्या. बोटं सुजली, पण पडदा सुरेख दिसायला लागला. साहेबांनी मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, “छान. फक्त चौकोन जरा लहान कर, वर कंपनीचं नाव यायला हवं.”

हिरूच्या तोंडचं पाणी पळालं. चौसष्ट चौकोन, प्रत्येकाची मापं वेगळी लिहिलेली. तीन दिवस तो मापं बदलत बसला आणि सदतिसावा चौकोन तरीही मोठाच राहिला. त्या शनिवारी त्याने वैतागून क्लासचं छापील पुस्तक उघडलं. जे पान मास्तर शिकवत असताना तो खालच्या टपरीवर चहा प्यायला गेला होता, त्याच पानावर त्याला लूप सापडला.

लूप म्हणजे काय, तर कंप्युटरला एकदाच सांगायचं, एकपासून चौसष्टपर्यंत हेच कर. मग तो बिनतक्रार चौसष्ट वेळा करतो. तीनशे चौऱ्याऐंशी ओळींच्या नऊ झाल्या. एका जागी माप बदललं की चौसष्ट चौकोन मुकाट्याने लहान होत. हिरूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेव्हापासून त्याला जिथे तिथे लूप दिसायला लागले. बसमधली माणसं एकेक करून तिकिटं काढताना पाहूनही त्याचा जीव कासावीस व्हायचा.

आता गोष्ट अशी, की हे काम कारखान्यात अकरा वर्षं एक फळी करत होती. कँटीनच्या भिंतीवर टांगलेली, चौसष्ट खिळे ठोकलेली साधी फळी. प्रत्येक खिळ्यावर रंगाच्या डब्याच्या झाकणातून कापलेला नंबरी बिल्ला. एका बाजूने लाल म्हणजे मच्छी, एका बाजूने पांढरा म्हणजे भाजी. सकाळी आत शिरताना माणूस आपला बिल्ला हवा तसा उलटा करायचा आणि लाल किती, पांढरे किती ते गोदूबाई मोजायची. गोदूबाई कँटीनची मुख्य. खालापूरची बाई, पन्नाशीची, आवाज असा की भोंगा बिघडला तरी जेवायची सुट्टी चुकत नसे.

ती फळी हिरूने उतरवायला लावली. साहेबांना सांगून, आणि गोदूबाईला न विचारता. वर तिला ऐकवलंही.

“मावशी, श्रावण लागला की तुमी हे चौसष्ट बिल्ले एकेक करून उलटे करत बसता. माझा लूप डोळा लवायच्या आत करतो.”

“करू दे की रं,” गोदूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. “मी पन कुटं एकेक करतंय? श्रावण लागला की वरनं खालपर्यंत नुसता हात फिरवायचा.”

“मग झालं तर! तोच लूप!”

“हां, तोच आसंल,” ती म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. हात फिरवल्यावर पुढे ती काय करते हे हिरूने विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण सर्टिफिकेटवाला माणूस तांदूळ निवडणाऱ्या बाईला काय विचारणार? फळी तिने स्वयंपाकघरातल्या दारामागे नेऊन टांगली. तिच्या कपाळावर एक बारीकशी आठी होती. ती हिरूला दिसली नाही, कारण तो तेव्हा एका बटणावर ‘श्रावण’ अशी चिठ्ठी चिकटवत होता. ते दाबलं की लूप फिरणार आणि चौसष्टही चौकोन रिकामे होणार होते.

श्रावणाच्या पहिल्या बुधवारी मुंबईहून मोठे साहेब कंप्युटर बघायला येणार असं ठरलं. हिरूचं कायम झाल्याचं पत्र टाइप होऊन तयार होतं. सगळं नीट चाललं तर मोठे साहेब त्यावर जागीच सही करणार होते. हिरूचं लग्न पळसदरीच्या एका मुलीशी ठरल्यासारखं होतं. मुलगी हिरूच्या मनात पक्की बसली होती आणि हिरू तिच्या. पण तिचा बाप टेंपरवारी हा शब्द ऐकला की पानाची पिंक टाकायचा. त्याने साफ सांगितलं होतं, “पत्र दावा आन् पोरगी न्या. दिवाळीपतुर वाट बघीन. पुढं नाय.” त्यामुळे त्या बुधवारी हिरूने होणाऱ्या सासऱ्याने दिलेल्या कापडाचा शर्ट घातला, ‘श्रावण’ बटण दाबलेलं आहे ना ते पुन्हा तपासलं आणि आठ वाजता छापील कागद कँटीनच्या दारावर डकवला. मच्छी शून्य, भाजी चौसष्ट. आकडे इतके स्वच्छ दिसत होते की तो दोन पावलं मागे सरकून पाहत राहिला.

साडेनऊला सोमा आला. चपला न काढता थेट गालिच्यावर.

सोमा फिटर होता आणि हिरूचा जिवलग. दोघं चौक गावावरून एकाच बसने यायचे, एकाच बाकावर बसायचे. पण आत्ता सोमाच्या हातात दारावरून उपटलेला कागद होता.

“हिरू, माझा बिल्ला नंबर किती रं?”

“सतरा.”

“आन् मी श्रावण पाळतो?”

 सोमाच्या घरच्यांनी छप्पन्न साली धम्म घेतला होता. त्याच्या घरी श्रावण म्हणजे पावसाळ्यातला एक महिना, बाकी काही नाही. हे हिरूला माहीत नव्हतं असं नव्हे. गेल्या श्रावणात सोमाच्याच घरी बसून त्याने सुकट ओरपली होती. पण लूप लिहिताना सतरा नंबर म्हणजे सोमा हे त्याच्या डोक्यातूनच गेलं. त्याला नुसते एक ते चौसष्ट दिसत होते.

“आमी चौदा जण हाय,” सोमा म्हणाला. “मच्छीचं काय, एक दिस नाय खाल्ली तर मरत नाय कोन. पन आमी काय पाळायचं ते तुजं बटन ठरवनार? फळीवर आमचा बिल्ला आमच्या हातात व्हता. आज दुपारी आमी चौदा जण ताटाला हात लावनार नाय. मोठा सायब बघू दे.”

सोमा गेला. गालिच्यावर त्याच्या चपलांचे चिखलाचे ठसे राहिले. हिरूला स्वतःची इतकी लाज वाटली की थंड हवेच्या खोलीत त्याचे कान तापले. सोमा रागावला याचं दुःख होतंच, पण तो खरं बोलत होता हे जास्त लागलं. पत्राचा विचार त्यानंतर आला.

तो धावत स्वयंपाकघरात गेला. गोदूबाई चुलीपाशी पाटावर बसली होती.

“मावशी, माझं चुकलं. चौदा जणांना मच्छी पायजे. बारा वाजता सायब येतात. आता कुठून आणू?”

गोदूबाईने त्याच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. सासऱ्याने दिलेल्या शर्टाची घामाने काखेत पार रया गेली होती.

“श्रावण लागला की मी हात फिरवते,” ती शांतपणे म्हणाली. “आन् मग ज्यांचा श्रावण नाय त्यांचे बिल्ले परत लाल करते. आर्धंच आयकून पळालास तू.”

“मग तेव्हाच का नाय सांगितलं?”

“इचारलंस?”

हिरूने मान खाली घातली. तेव्हा कुठे तिला दया आली. तिने पातेल्यावरचं झाकण उचललं. आत सुके बोंबील भाजून, धुऊन, कालवणाला तयार होते.

“तुज्या कागदावर मी सैपाक करीन व्हय रं? बस हितं. फळीवर बिल्ले मी कवाच फिरवलेत, ती घे समोर आन् लिहून काढ.”

हिरूने कागद घेतला आणि एकेक नंबर उतरवू लागला. पांढऱ्याला शून्य, लालला एक. लूप तसाच ठेवायचा, फक्त त्याच्या पोटात एक ‘जर’ घालायचा. जर या नंबरापुढे एक असेल तर चौकोन भर, नाहीतर रिकामा ठेव. इतकं सोपं होतं. पण पहिल्याच खिळ्यापाशी तो थांबला.

“मावशी, हा एक नंबर तिरका झालाय. सरळ करू?”

“हात लावू नको! तो तसाच ऱ्हातो.”

एक नंबर देवस्थळी साहेबांचा. बिल्ला पांढराच होता, पण कोपऱ्यावर लटकलेला, मान वाकडी केल्यासारखा. हिरूची नजर सरसर खाली उतरली. बावन्न नंबर तिरका होता. बावन्न म्हणजे तो स्वतः!

आता इथे हिरूचं एक गुपित सांगायला हवं. त्याच्या घरी श्रावण कडक. तो श्रावणात मच्छी खातो असं आईला कुणी नुसतं सांगितलं असतं तरी तिने त्याला ओटीवर जेवायला बसवलं असतं. पण बोंबलाचा वास आला की हिरूचा निश्चय पातळ व्हायचा. म्हणून तीन वर्षांपूर्वी त्याने गोदूबाईला हळूच विनवलं होतं आणि तेव्हापासून श्रावणात त्याच्या ताटात भाजी, आमटी आणि भाताचा जरा उंच ढीग येई. त्या ढिगाखाली बोंबील असत. ही सोय जगात आपल्या एकट्यासाठी आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

त्याने तिरके बिल्ले मोजले. नऊ निघाले. त्यात बॉयलरवाला कोंडाजी होता, जो गळ्यात माळ घालून इतरांना उपदेश करायचा. स्टोअरवाला पदू होता. आणि सगळ्यांच्या वर, एक नंबरच्या खिळ्यावर, साक्षात देवस्थळी साहेब.

“मावशी, हे सगळे?”

“परत्येकाला वाटतं, आपुन एकटाच. आकरा सालात मी कोनाला दुसऱ्याचं सांगितलं नाय. तू पन तोंड शिवून ठेव.” तिने पळी हलवली. “आन् फळी उद्या परत भिंतीवर. बिल्ला ज्याचा त्यानं फिरवायचा. तुज्या कंप्युटरनं तिच्याकडं बघून मोजायचं.”

“बरं, मावशी.”

हिरूने तिरक्यांपुढे दोनचा आकडा टाकला आणि खोलीत पळत जाऊन नवा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिला. एक असेल तर चौकोन भरायचा आणि मच्छीत मोजायचा. दोन असेल तर चौकोन रिकामा दाखवायचा, पण स्वयंपाकघराच्या चिठ्ठीवर मोजायचा मच्छीतच. पडदा जगासाठी, चिठ्ठी गोदूबाईसाठी. जाता जाता त्याने सोमाला भट्टीमागे गाठलं आणि सरळ म्हणाला, “चुकलो रं. सतरा नंबर लाल केलाय, आन् उद्या फळी परत लागतेय.” सोमाने त्याच्याकडे पाहिलं, हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाला, “शर्ट तरी वाळव आता.” हिरूचा अर्धा जीव भांड्यात पडला.

बारा वाजता मोठे साहेब आले. सोनेरी काड्यांचा चष्मा, पांढरे बूट. बूट काढता काढताच त्यांनी सांगून टाकलं, “माझ्यासाठी काही खास करू नका. माझा श्रावण असतो, अगदी कडक. थोडा वरणभात पुरे.” देवस्थळी साहेबांनी आदराने मान डोलवली. आपलाही तसाच असतो, असंही म्हणाले.

हिरूने बटण दाबलं. चौसष्ट चौकोन टपाटप उमटले, चौदा भरलेले, पन्नास रिकामे. मोठे साहेब खूश झाले. मग छपाईयंत्र करकरलं आणि चिठ्ठी बाहेर आली. ती हिरूने उचलायच्या आधी मोठ्या साहेबांनी उचलली. चिठ्ठी कुणी वाचेल हे त्या गडबडीत हिरूच्या ध्यानातच आलं नव्हतं.

साहेबांनी चिठ्ठी वाचली. मग बोट लावून पडद्यावरचे भरलेले चौकोन मोजले. मग पुन्हा चिठ्ठी वाचली.

“पडद्यावर मच्छी चौदा. चिठ्ठीवर तेवीस. ही वरची नऊ ताटं कोणाची?”

देवस्थळी साहेबांचा हात टायकडे गेला आणि तिथेच राहिला. हिरूची पाचावर धारण बसली. खरं सांगावं तर कार्यक्रम बिनचूक ठरत होता, पत्र खिशात पडत होतं, पळसदरीला सनई वाजत होती. पण त्यासाठी नऊ जणांची नावं घ्यावी लागणार होती आणि त्यातलं एक नाव शेजारीच घाम पुसत उभं होतं. बरं, ज्या बाईने थोड्या वेळापूर्वी त्याची अब्रू वाचवली होती, तिचं अकरा वर्षांचं मौन तो मोडणार होता.

सकाळी त्याने चौसष्ट माणसांचे आकडे केले होते. आता आकड्यांची पुन्हा माणसं करून ती चव्हाट्यावर मांडायची, हे त्याच्याने होईना.

“चूक माझी आहे, साहेब,” हिरू म्हणाला. “लूप नऊ वेळा जास्त फिरला.” आणि पळसदरीची मुलगी त्याच्या डोळ्यांसमोरून पाठमोरी चालू लागली.

“म्हणजे कार्यक्रम चुकीचा आहे?”

“हो, साहेब.”

तेवढ्यात दार उघडलं आणि गोदूबाई आत आली. तिच्यासोबत आत आला तो बोंबलाच्या कालवणाचा वास. चिंच, लसूण आणि वर भाजल्या खोबऱ्याचा खमंगपणा. थंड हवेच्या यंत्राने तो सगळ्या खोलीत इमानदारीने फिरवला.

“चिट्टी कुटं हाय? ताटं लावायची हायेत.”

“बाई,” मोठे साहेब म्हणाले, “चिठ्ठीत नऊ ताटं जास्त आहेत. चुकून.”

“चुकून न्हाईत, सायब. दर श्रावनात नऊच असतात. पडद्यावर न्हाय दिसत आन् कदी वाया पन न्हाय जात.”

 मोठ्या साहेबांनी एकदा देवस्थळी साहेबांच्या लाल झालेल्या कानांकडे पाहिलं. एकदा हिरूच्या शर्टाकडे. मग डोळे मिटून, नाकाने, लांबलचक श्वास घेतला.

“देवस्थळी, ते पत्र सहीसाठी घेऊन या बरं. तुम्ही स्वतः जा.”

देवस्थळी साहेब अनवाणीच पळाले. दार लागल्यावर मोठे साहेब खुर्ची सरकवून हिरूच्या जवळ आले. सोनेरी काड्यांचा चष्मा काढून पुसला आणि आवाज अगदी खाली आणला.

“तुमची ती चूक,” ते म्हणाले, “नऊची दहा करता येईल का?”

हिरू बघतच राहिला. गोदूबाईने मात्र डोळ्याची पापणीही हलवली नाही.

“भात जरा उंच वाढीन, सायब,” ती म्हणाली. “वरनं कायबी दिसनार न्हाय.”

त्या दुपारी कँटीनमध्ये मोठे साहेब आणि देवस्थळी साहेब शेजारीशेजारी जेवले. दोघांपुढे भाताचे सारखे ढीग होते आणि दोघंही एकमेकांना श्रावणाचं महत्त्व सांगत होते. समोरच्या बाकावर सोमा उघडपणे बोंबील चोखत होता. त्याने सगळ्या खोलीवरून नजर फिरवली आणि हिरूच्या कानाशी लागला, “आमची ताटं सोडली तर आज भाताचे डोंगर लय दिसतात रं.”

“गप जेव,” हिरू म्हणाला. त्याच्या शर्टाच्या खिशात सही झालेलं पत्र होतं.

जेवण झाल्यावर त्याने खोलीत जाऊन लूपमधले चौसष्ट खोडून पासष्ट केले. पासष्टच्या पुढे दोनचा आकडा टाकला. तिकडे स्वयंपाकघरात गोदूबाई फळीला नवा खिळा ठोकत होती, त्याचा आवाज कारखानाभर ऐकू गेला. दोन दिवसांनी मुंबईहून पत्रक आलं. कंप्युटरसारख्या नाजूक यंत्राची मोठे साहेब यापुढे जातीने तपासणी करणार होते, वर्षातून चार वेळा, आणि चारही वेळा श्रावणातल्या बुधवारी.